काचेवर नसलेला आकडा

अमेरिकेत नवी मोटार घ्यायला शोरूममध्ये गेलं की तिच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर ॲव्हरेज छापलेलं दिसतं. शहरात इतके मैल, महामार्गावर इतके मैल, वर्षाचा इंधनखर्च अंदाजे इतका. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने ग्राहकाला हा हक्क दिला. मात्र त्याच शोरूममधल्या फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेव्हरोले सिल्व्हरॅडो २५०० एचडी या दणकट पिकअप ट्रकांच्या काचेवर तो आकडा नसतो. गाडी, माणसं आणि सामान मिळून ८,५०० पौंडांहून, म्हणजे साधारण ३,८५५ किलोंहून जास्त वजनासाठी बांधलेल्या पिकअपना हे लेबल लावायचं बंधन नाही. घरगुती वापरात असलेल्या गाड्यांपैकी ज्या सर्वांत जास्त इंधन पितात, त्यांच्याचबद्दल घेणाऱ्याला काही सांगितलं जात नाही. मग या गाड्यांमागे ट्रेलर जोडल्यावर काय होतं, हे तर दूरच राहिलं.

मी डेन्व्हरजवळ राहते आणि हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय आहे. आमच्याकडे एक टन वर्गातला डिझेल पिकअप आणि राहण्याच्या सोयीचा ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलर आहे. या ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यावर टेकतो आणि तिथेच जोडला जातो. ट्रेलर भरला की बारा हजार पौंड, ट्रक आणि आम्ही मिळून आठ हजार, म्हणजे एकूण नऊ टनांचा ऐवज रस्त्यावर असतो. आम्ही नवरा-बायको आलटून पालटून चालवतो, आणि डिझेलची वही मी लिहिते. मैल, गॅलन, वेग, वारा आणि मागे काय जोडलं होतं, एवढ्या पाच गोष्टी तिच्यात असतात.

माझे बाबा पुण्यात कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्स कारखान्यात नोकरीला होते. आमच्या ट्रकमध्ये कमिन्सचंच ६.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, याचा त्यांना कोण आनंद! ट्रक घेतल्यावर फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, “ॲव्हरेज किती देते?” ट्रेलर नसताना महामार्गावर गॅलनला अठरा-एकोणीस मैल, ट्रेलर लावल्यावर दहाच्या आसपास, असं मी सांगितलं. अमेरिकन गॅलन ३.७८ लिटरचा. दहा मैल म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. “अगं, निम्म्यावर येतं? एवढं वजन ओढायचं म्हणजे येणारच म्हणा,” ते म्हणाले. हा समज जवळपास सगळ्यांचाच असतो. वही मात्र वेगळं सांगते. सपाट महामार्गावर इंधन खाण्यात वजनाचा वाटा लहान असतो. मोठा वाटा हवेचा असतो.

नऊ टन आणि समोरची हवा

सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन अडथळे पार करावे लागतात. पहिला टायरांचा. तो वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. नऊ टनांसाठी हा विरोध सुमारे नव्वद किलोंच्या जोराइतका भरतो. दुसरा अडथळा हवेचा. तो समोरच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. आमचा ट्रेलर आठ फूट रुंद आणि रस्त्यापासून तेरा फूट उंच आहे. ट्रकच्या टपाच्या वर त्याची जवळपास भिंतच उभी राहते. ताशी साठ-पासष्ट मैलांना या भिंतीला लागणारा जोर टायरांच्या विरोधाच्या अडीच-तीन पट होतो.

याचा पडताळा आमच्या गल्लीतच मिळतो. शेजारचे गृहस्थ तशाच डिझेल पिकअपने सपाट, उघड्या ट्रेलरवरून छोटा ट्रॅक्टर नेतात. वजन आमच्याइतकंच, पण बराचसा ट्रॅक्टर ट्रकच्या आडोशाला राहतो. त्यांना गॅलनला तेरा-चौदा मैल मिळतात. उलट आमचा ट्रेलर सामान उतरवून हलका केला, तरी वहीतला आकडा जेमतेम अर्ध्या मैलाने सुधारतो.

चढाचंही असंच आहे. एका गॅलन डिझेलमध्ये साधारण १४५ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि चांगल्या भाराखाली चालणारं डिझेल इंजिन त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास कामी लावतं. या हिशेबाने आमचे नऊ टन ६५० मीटर उंच न्यायला एक गॅलन लागतं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आहे, कॅन्सस सिटी तीनशेच्या आत. आय-७० महामार्गाने हे अंतर सुमारे सहाशे मैलांचं. परतताना तेराशे मीटरचा चढ चढावा लागतो, त्यामुळे डिझेल जास्त जातं, असं इकडे सर्रास ऐकायला मिळतं. पण त्या चढाची किंमत दोन गॅलन आहे, आणि संपूर्ण प्रवासाला साठ लागतात. कॅन्ससच्या मोकळ्या माळावर वीस मैल वेगाचा वारा समोरून आला, तर साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हवा ऐंशीच्या वेगाने भिडते आणि हवेचा विरोध पावणेदोन पट होतो. अशा दिवशी आमचं ॲव्हरेज सातवर येतं. रस्ता तोच, ट्रेलरही तोच असतो.

खरा चढ पश्चिमेला आहे. डेन्व्हरहून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सुमारे साठ मैलांत महामार्ग ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३,४०० मीटरवर पोहोचतो. तिथे चढाचे पावणेतीन गॅलन साठ मैलांतच मोजावे लागतात आणि ॲव्हरेज सातच्या घरात येतं. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो. उरलेली ऊर्जा उतारावर वेग आवरण्यातच, एक्झॉस्ट ब्रेक आणि चाकांच्या ब्रेकमधून उष्णता होऊन जाते. उंचावर एक फायदा मात्र आहे. डेन्व्हरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्के विरळ असते, त्यामुळे तिचा विरोधही तेवढाच कमी होतो. म्हणून समुद्रकाठच्या राज्यातल्या ट्रकमालकाचा आकडा आमच्या आकड्याशेजारी ठेवून कुणाचा ट्रक चांगला हे ठरवता येत नाही.

चाळीस मिनिटांचे सात गॅलन

वहीतली सर्वांत उपयोगी ओळ वेगाची आहे. वारा शांत असताना, सपाटीवर ६२ मैलांच्या वेगाला आम्हाला गॅलनला साडेदहा ते अकरा मैल मिळतात. ७२ ला साडेआठ. तीनशे मैलांच्या पल्ल्यात या दहा मैलांच्या वेगाने चाळीस मिनिटं वाचतात आणि सात गॅलन, म्हणजे सव्वीस लिटर डिझेल जास्त जळतं. एका गॅलन डिझेलमधून दहा किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे चाळीस मिनिटांसाठी आपण सत्तर किलो हवेत सोडतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना ५५ मैलांची मर्यादा आहे. ती जाचक वाटते खरी, पण थांबायचं अंतर, टायरांची उष्णता आणि इंधन अशा तिन्ही बाजूंनी ती शहाणपणाची आहे. ॲव्हरेज वाढवायला लोक एअर फिल्टर बदलतात, टाकीत औषधं ओततात. पायाखालचं पेडल थोडं सैल सोडणं या सगळ्यापेक्षा परिणामकारक आहे, आणि ते फुकट आहे.

डिझेल घ्यावं की पेट्रोल, हा प्रश्न मला मराठी मंडळाच्या कार्यक्रमांतही विचारतात, कारण आता आपली पुष्कळ कुटुंबं ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्यानं पाहायला निघतात. या वर्गातल्या पिकअपला डिझेल इंजिन घ्यायचं तर दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त मोजावे लागतात. समजा, ट्रेलरसह पेट्रोल साडेसात मैल देतं आणि डिझेल दहा. हजार मैलांना पेट्रोल लागेल १३३ गॅलन, डिझेल १००. पेट्रोल ३.३० डॉलर आणि डिझेल ४ डॉलर धरलं, तर खर्च अनुक्रमे ४४० आणि ४०० डॉलर. हजार मैलांमागे चाळीस डॉलरची बचत! दहा हजार वसूल व्हायला अडीच लाख मैल ट्रेलर ओढावा लागेल. त्याशिवाय डिझेलच्या एक्झॉस्टसाठी लागणारं युरियाचं द्रावण आणि महागडी देखभाल वेगळी. डिझेलचे गुण दुसरीकडे आहेत. टर्बोमुळे ते उंचावर दमत नाही, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद मात्र दर हजार फुटांना सुमारे तीन टक्क्यांनी घटते. घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेकचा मोठा आधार असतो. या गुणांसाठी डिझेल जरूर घ्यावं. इंधनात पैसे वाचतील म्हणून घेणार असाल, तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

मोजायचं कसं

गॅलनला किती मैल, हा प्रश्नच आपल्याला चकवतो. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवून दिलं. छोटी गाडी वीसवरून तीसवर गेली, तर हजार मैलांना सतरा गॅलन वाचतात. ट्रेलर ओढणारा ट्रक नऊवरून बारावर गेला, तर अठ्ठावीस वाचतात. कानाला दहा मैलांची सुधारणा मोठी वाटते, इंधन मात्र तीन मैलांत जास्त वाचतं. म्हणून माझ्या वहीत मी शेवटच्या रकान्यात शंभर मैलांना किती गॅलन, हेच लिहिते. ट्रेलरशिवाय साडेपाच, ट्रेलरसह दहा, समोरून वारा असेल तर चौदा. या आकड्यांची सरळ बेरीज करता येते आणि खिशाला बसणारी झळही त्यांतून लगेच कळते.

ट्रेलरचे आणि ट्रेलरशिवायचे मैल एका सरासरीत मिसळू नका, दोन वेगळे हिशेब ठेवा. डॅशबोर्डवर दिसतो तो गाडीच्या संगणकाचा अंदाज. पंपाचं मीटर प्रत्यक्ष मोजतं. शक्यतो त्याच पंपावर, सावकाश, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा, कारण डिझेलला फेस येतो आणि घाईत भरलं की टाकी भरल्याचा भास होतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. एक्झॉस्टमधल्या गाळणीत साठलेली काजळी जाळायला इंजिन मधूनमधून जादा डिझेल वापरतं, आणि एखादी टाकी नेमकी त्यात सापडते.

पण हे काम प्रत्येक ट्रकमालकाने एकेकट्याने का करावं? ओढण्याच्या ताकदीचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने जाहीर करत असे. २००८ मध्ये वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे २८०७ हे मानक प्रसिद्ध केलं. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस धरणाजवळचा ११.४ मैलांचा चढ हीच सर्वांसाठी कसोटी ठरली. हवा उन्हाळी, एसी पूर्ण सुरू आणि वेग ठरलेल्या मर्यादेखाली जाता कामा नये. हळूहळू मोठ्या कंपन्यांनी ती मान्य केली. या ट्रकांच्या इंधनावर सरकारचं लक्ष नाही असंही नाही. २०११ मध्ये ठरलेले आणि २०१४ च्या मॉडेलपासून लागू झालेले नियम कंपन्यांकडून शंभर मैलांना किती गॅलन, याच मापात हिशेब मागतात. मोजण्याची पद्धत आहे, माप आहे, सगळ्या कंपन्यांनी एका रस्त्यावर उतरून परीक्षा दिल्याचा दाखलाही आहे. ठरावीक आकाराचा एक उंच ट्रेलर, ६५ मैलांचा वेग आणि शंभर मैलांना लागलेले गॅलन, एवढी एक ओळ काचेवर छापायला आता कुठलीच अडचण उरलेली नाही. साठ-सत्तर हजार डॉलर मोजणाऱ्या माणसाला पुढची दहा वर्षं तो ट्रक किती इंधन मागणार आहे, हे सही करण्याआधी कळलंच पाहिजे. तो आकडा छापून येईपर्यंत ट्रक घेणाऱ्या प्रत्येकाने तो विक्रेत्याला विचारावा, आणि लेखी मागावा.