खांदेरीची बत्ती आणि समुद्रातली हाक

अलिबाग तालुक्यातील थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर खांदेरी-उंदेरीची जोडी दिसते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. मुंबई बंदराची वाट या बेटाच्या डोळ्यांपुढून जाते ना! पुढे १८६७ साली इंग्रजांनीच तिथे दीपगृह उभारले. १९९८ पासून बेटाचे सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट, पण लोकांच्या तोंडी अजून खांदेरीच. वेताळाला हात जोडायचे, भांड्यासारखा वाजणारा दगड वाजवायचा आणि मग बत्तीकडे वळायचे.

मनोरा सुमारे २५ मीटर उंच. वाळूत उभ्या माणसाला फार तर ५ किलोमीटर समुद्र दिसतो. पृथ्वी गोल, त्याला इलाज नाही. २५ मीटरवरून मात्र १८ किलोमीटरपर्यंत नजर जाते. शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी. तांडेल ती मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो.

पण बत्ती सांगते, ऐकत नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. ६०० हून अधिक माणसं गेली. दिवस होता, बत्तीचा काय उपयोग? बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला कित्येक तास पत्ता नाही. पोहून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले तेव्हा कळले. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जमतील तेवढे जीव वाचवले.

आज मच्छीमार बोटींवर व्हीएचएफ संच असतात. संकटाची हाक १६ नंबरच्या चॅनेलवर द्यायची. तो इतर गप्पांनी अडवू नये. उंचीचा हिशेब इथेही तोच: एरियल जितका उंच, तितकी हाक लांब. म्हणून नुसत्या मोबाइलवर भिस्त ठेवू नका, खोल समुद्रात रेंज जाते. किनाऱ्यावरून मदत मागायची तर तटरक्षक दलाचा फोन १५५४. किनाऱ्यालगतच्या ग्रामसेवकांनी हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि जेटीवर ठळक रंगवून घ्यावा. खर्च डबाभर रंगाचा.

बेट पाहायचे तर पावसाळा सोडून जावे, भरती-ओहोटी थळच्या होडीवाल्यांना विचारावी आणि प्यायचे पाणी बरोबर घ्यावे.