गाडी निकामी झाली तर

मुंबईहून कर्जतला जाताना नेरळनंतर भिवपुरी रोड हे स्थानक लागते. हा सारा उल्हास नदीच्या खोऱ्यातील प्रदेश आहे. पावसाळ्यात नदीला पूर येतो. शेजारच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे रस्ता बोर घाट चढतो. त्या घाटात अपघात होतात. त्यामुळे इथल्या गाडीमालकाला पूर आणि अपघात या दोन्ही संकटांचा विचार करावा लागतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीलाही मोठा पूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड ही शहरे पाण्याखाली गेली. अशा वेळी कितीतरी गाड्या बुडतात आणि कायमच्या निकामी होतात. ज्याचे घर गाडीच्या भाड्यावर चालते, त्याची तर रोजी-रोटीच बुडते. अशा वेळी विमा उपयोगी पडतो.

विमा म्हणजेच उर्दूतील बीमा. विम्याच्या कागदांत मालक, नुकसान, रक्कम, कर्ज, अर्ज, दावा आणि तक्रार हे शब्द वारंवार येतात. हे सारे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. तेव्हा हे कागद वाचायला घाबरू नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे प्रत्येक गाडीचा ‘थर्ड पार्टी’ विमा असावाच लागतो. पण त्यातून फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई मिळते. आपल्या गाडीची भरपाई हवी असेल, तर वेगळा विमा घ्यावा लागतो. लोक त्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात.

अपघात झाल्यावर प्रथम जखमींना मदत करावी. मग पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. गाडीचे फोटो काढावेत. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर इंजिन मुळीच सुरू करू नये. आत शिरलेल्या पाण्यामुळे इंजिन मोडते, आणि हे नुकसान मालकाच्या चुकीने झाले असे म्हणून कंपनी भरपाई नाकारू शकते.

नंतर कंपनीचा सर्व्हेअर येऊन गाडी पाहतो. तो येईपर्यंत गाडी दुरुस्तीला खोलू नये.

भरपाई किती मिळेल? विमा घेतानाच गाडीचे मूल्य कागदावर लिहिलेले असते. समजा, एका गाडीची नवी किंमत ६,००,००० रुपये आहे आणि विमा घेताना ती तीन वर्षे दोन महिन्यांची होती. तेव्हा किमतीतून ४० टक्के घट धरतात. म्हणजे विम्याचे मूल्य ३,६०,००० रुपये झाले. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे २,७०,००० रुपयांहून जास्त असेल, तर गाडी पूर्ण निकामी धरली जाते.

मग कंपनी ३,६०,००० रुपयांतून ठरलेली १,००० रुपयांची कपात करून ३,५९,००० रुपये देते आणि मोडकी गाडी स्वतःकडे घेते. मोडकी गाडी मालकाने ठेवली, तर तिची किंमत भरपाईतून वजा होते. गाडीवर बँकेचे १,५०,००० रुपये कर्ज बाकी असेल, तर ते आधी फेडले जाते. मालकाच्या हाती २,०९,००० रुपये येतात. म्हणून वर्षाचा हप्ता थोडा कमी व्हावा यासाठी गाडीचे मूल्य कमी लिहू देऊ नये. संकटाच्या वेळी तीच बचत महाग पडते.

पैसे मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. कायद्याप्रमाणे निकामी गाडीची खबर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला द्यावी लागते. आरसी बुक परत करून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. अनेक मालक हे काम विसरतात. मग भंगारात गेलेल्या गाडीचा नंबर आणि कागद चोरीच्या गाडीला लावले जातात. त्या गाडीने गुन्हा केला, तर पोलीस जुन्या मालकाच्या दारात येतात. म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नये आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद जपून ठेवावा.

भरपाई नाकारली किंवा कमी मिळाली, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यांचे एक कार्यालय मुंबईत आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्गही खुला असतो.

विम्याचे कागद बहुतेक घरांत पेटीत पडून असतात. तुमच्या घरी गाडी, रिक्षा किंवा मोटारसायकल असेल, तर आजच ते कागद वडीलधाऱ्यांसमोर वाचा. विमा कोणत्या तारखेला संपतो, गाडीचे मूल्य किती लिहिले आहे आणि विमा कोणता आहे, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. वेळ आली, तर वहीचे ते पान घराच्या उपयोगी पडेल.