वाढती मंडळी आणि वाटलेला भार

कोणतेही सेवाकार्य लहान असते तोवर ते एका माणसाच्या उत्साहावर चालते. पाळकास प्रत्येक घर ठाऊक असते व प्रत्येकाचे दुःख त्याच्या कानी येते. परंतु कार्य वाढले म्हणजे ज्याच्यामुळे ते वाढले त्याच्याच दाराशी ते अडून राहते. सकाळपासून सायंकाळपर्यंत निवाडे करीत बसलेल्या मोशेस त्याचा सासरा इथ्रो ह्याने हाच धोका दाखविला, आणि हजार, शंभर, पन्नास व दहा माणसांवर नायक नेमावयास सांगितले. लहान प्रकरणे तेथल्या तेथे मिटावी व अवघड तेवढी मोशेपुढे यावी, अशी ती साधी योजना होती.

हे दहाबारांचे माप पुढेही उपयोगी पडले. १७४२ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी मेथडिस्ट मंडळीवर इमारतीचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी आणि बारांपैकी एकाने ती गोळा करावी, असे ठरले. घरोघर फिरणाऱ्या ह्या माणसांस तेथील भांडणे व व्यसने दिसू लागली; तेव्हा जॉन वेस्ली ह्यांनी आपापल्या गटाच्या आत्मिक हिताची काळजीही त्यांच्याकडेच सोपविली. १८७१ साली मुंबईस आलेल्या विल्यम टेलर ह्यांनी हीच रीत येथे आणली. मंदिर बांधून होण्याची वाट न पाहता त्यांनी लोकांच्या घरी लहान मेळे भरविले, आणि त्यांतून मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली.

तथापि काम वाटणे निराळे व अधिकार वाटणे निराळे. अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. तेथे १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि एकेक मंडळी एकेकाच्या स्वाधीन झाली. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि सुवार्तेचा प्रसार आपण करावा, असा आग्रह धरणारे रूफस अँडरसन बोस्टनहून त्याच सुमारास तेथे आले होते. पुढे खेडोपाडी लहान मंडळ्या स्थापण्यावर भर देण्यात आला. ज्याच्या हाती निर्णय नाही, तो पुढारी नव्हे, निरोप्या होय.

उलट बाजूही ध्यानात ठेविली पाहिजे. रे. नारायण वामन टिळक ह्यांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोहोंस त्यात स्थान होते. कल्पना उदात्त होती. परंतु १९१९ साली टिळक निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. रचना साधी असणे पुरेसे नाही. एका पुढाऱ्याच्या हाताखाली दुसरा तयार होत राहिला पाहिजे.

आमच्या मानखुर्दच्या दाट वस्तीत हा विचार केवळ पुस्तकी नाही. येथे ठिकठिकाणांहून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. कोणी आजारी पडले, कोणाची नोकरी गेली, तर ते शेजारच्या घरास आधी कळते, पाळकास मागाहून. म्हणून आम्ही असे सुचवितो की, दर दहा घरांमागे एक पुढारी असावा, मग तो पुरुष असो वा स्त्री. त्यास एक सोबती द्यावा, जो पुढे त्याची जागा घेईल. अडलेल्यास तत्काळ मदत देता यावी म्हणून अल्पशी रक्कम त्यांच्या हाती असावी व तिचा हिशेब दरमहा सर्वांसमक्ष वाचावा. महिन्यातून एकदा सर्व पुढाऱ्यांनी पाळकासमवेत बसावे. दोन वर्षांनी पुढाऱ्याने आपण होऊन बाजूस व्हावे.

ह्याहून अधिक नियम करू नयेत. नियमांचे ओझे वाढले म्हणजे माणसे भेटी द्यावयाचे सोडून कागद भरू लागतात, आणि जिच्या दाराशी कोणी यावयास हवे होते ती म्हातारी वाटच पाहत राहते.