घरचे गावरान टोमॅटो : चव, पोषण आणि कोणी किती खावेत?

गच्चीत किंवा अंगणात टोमॅटो लावणाऱ्या रुग्णांकडून दोन प्रश्न हमखास येतात. ‘घरचे टोमॅटो बाजारातल्यापेक्षा जास्त पौष्टिक असतात का?’ आणि ‘औषध न फवारलेले आहेत, मग कितीही खाल्ले तर चालतील ना?’ पहिल्याचे उत्तर ‘थोडेफार’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्या मूत्रपिंडांवर अवलंबून आहे.

गावरान किंवा पारंपरिक वाण म्हणजे काय?

ज्या वाणाचे बी धरून पुन्हा लावले तर तशाच गुणांचे झाड येते, ते पारंपरिक वाण. यालाच हेअरलूम म्हणतात. आपल्याकडची चपटी, कंगोरेदार, आंबट गावरान टोमॅटो याच प्रकारातली. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम ही परदेशी वाणेही आता हौशी लोक कुंडीत लावतात. संकरित टोमॅटोचे बी धरले तर पुढच्या पिढीत तेच गुण मिळतीलच असे नाही.

चव वेगळी का लागते?

बाजारासाठीचे वाण निवडताना भरपूर उत्पादन, जाड साल आणि वाहतुकीत टिकण्याची क्षमता बघितली गेली. चव मागे पडली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, फळ एकसारखे लाल व्हावे म्हणून निवडलेल्या एका जनुकीय बदलामुळे फळातली साखर कमी झाली आहे.

दुसरे कारण तोडणीचे. लांब पाठवायचे टोमॅटो कच्चे तोडले जातात, घरचा आपण रंग भरल्यावर तोडतो. पक्षी टोचत असतील तर फळावर गुलाबी छटा दिसताच तोडून घरात पिकवा, चवीत फारसा फरक पडत नाही. पिकलेला टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने त्याचा सुगंध कमी होतो.

चव बघताना टोमॅटो मीठ न लावता खाऊन बघा. बियांभोवतीच्या गरात ग्लुटामेट हा चव वाढवणारा घटक सर्वाधिक असतो. रक्तदाबाच्या रुग्णांना याचा खरा उपयोग आहे : चांगल्या पिकलेल्या टोमॅटोच्या कोशिंबिरीला मीठ कमी पुरते.

पोषण किती मिळते?

100 ग्रॅम टोमॅटोत सुमारे 94 ते 95 ग्रॅम पाणी, 18 ते 20 कॅलरी, 14 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि सुमारे 240 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. वाण आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार हे आकडे थोडे बदलतात, पण घरचा आणि बाजारचा यांत जमीन-अस्मानाचा फरक नसतो.

कच्चा की शिजवलेला? दोन्ही. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून डाळ, पालेभाजी किंवा नाचणीच्या भाकरीसोबत कच्ची कोशिंबीर घ्या, त्यामुळे त्यातले लोह चांगले शोषले जाते. लाल रंग देणारे लायकोपीन मात्र शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्ल्यास जास्त शोषले जाते. फोडणीचे सार किंवा टोमॅटोची भाजी त्यासाठी पुरेशी आहे. लायकोपीनच्या गोळ्यांची गरज नाही.

कोणी जपून खावेत?

*मूत्रपिंडाचा आजार :* हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एका मध्यम टोमॅटोत जवळपास 300 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. हंगामात घरी रोज टोपलीभर निघतात, मग सकाळी रस, दुपारी कोशिंबीर आणि रात्री सूप असे सुरू होते. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. धोका असा की, बऱ्याचदा आधी काहीच लक्षण दिसत नाही.

स्पायरोनोलॅक्टोन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या चालू असतील तरीही पोटॅशियम वाढू शकते. त्यातच घरात ‘कमी सोडियमचे’ मीठ वापरत असाल तर त्याचे वेष्टन वाचा, त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. टोमॅटो किती चालेल हे तुमचा रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर ठरवतील. फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम कमी होते. सूप आणि प्युरीत ते सगळे तसेच राहते. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

*पित्त आणि छातीत जळजळ :* त्रास होत असेल तर रात्री टोमॅटो टाळा. पिवळे टोमॅटो गोड लागतात म्हणून ते कमी आम्ल असतातच असे नाही.

*मुतखडा :* टोमॅटोच्या बियांचे खडे होत नाहीत. टोमॅटोत ऑक्झलेट कमी असते, पालकात ते कितीतरी पटीने जास्त असते. खड्याच्या बहुतेक रुग्णांनी टोमॅटो सोडण्यापेक्षा पाणी वाढवणे महत्त्वाचे.

*मधुमेह :* टोमॅटो चालतो. केचपमध्ये साखर आणि मीठ असते, ते वेगळे.

लावताना आरोग्याची काळजी

- महाराष्ट्रात पावसाळा सरताना रोपे करावीत. फळधारणेला थंड रात्री मानवतात, कडक उन्हाळ्यात फुले गळतात. 12 ते 15 इंचांची कुंडी आणि रोज किमान सहा तास ऊन हवे.
- कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासा.
- शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा आणि फळे वाहत्या पाण्याखाली धुवा.
- मधुमेही व्यक्तींनी अनवाणी मातीत काम करू नये. गर्भवतींनी हातमोजे घालावेत, कारण मांजराच्या विष्ठेतून मातीत टॉक्सोप्लाझ्माचे जंतू येऊ शकतात.
- मातीत काम करताना जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- टोमॅटोची पाने खाऊ नयेत.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

मूत्रपिंडाचा आजार किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असताना अचानक अशक्तपणा, पाय जड पडणे, छातीत धडधड किंवा चक्कर जाणवली तर त्याच दिवशी, वाट न बघता रुग्णालयात जा. टोमॅटो खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तरीही लगेच जा.

बाकीच्यांनी बागेतले टोमॅटो आनंदाने खावेत. मात्र जास्तीचे टोमॅटो शेजारी वाटताना त्या घरात मूत्रपिंडाचा कोणी रुग्ण असेल, तर पोटॅशियमची ही गोष्टही सांगा.