समोरच्या दिव्याने डोळे का दिपतात?

रात्री निफाडहून लासलगावकडे जाताना समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की क्षणभर काहीच दिसत नाही. असं का होतं, पाहूया.

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. दृष्टिपटलावरच्या दंडाकार पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्यामुळे मंद उजेडातही दिसतं. प्रखर प्रकाश पडताच बाहुली आकसते आणि हे रंगद्रव्य झपाट्याने विघटित होतं. ते पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. वय वाढलं की हा वेळही वाढतो.

म्हणजे खरा धोका समोरची गाडी निघून गेल्यावर असतो! ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. डोळे सावरायला तीन सेकंद लागले, तर 50 मीटर अंतर आपण न बघताच कापलं. तेवढ्यात पुढे कांद्याची बिनदिव्याची ट्रॉली असली तर?

मग काय करायचं? समोरून वाहन येताच डिपर द्या, वेग कमी करा. दिव्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवा. काच स्वच्छ ठेवा. धुळीने प्रकाश विखुरतो आणि जास्त चमकतो.

मुलांनो, घरच्या ट्रॉलीला मागून रेडियम लावलंय का, ते आज बघा. रेडियम स्वतः उजेड देत नाही, पडलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतं. पण त्यावर चिखल असेल तर ते असून नसल्यासारखंच. तेवढं पुसायचं काम तुमचं!