कवडी : मोर्शीच्या पोळ्यात मिरवणारे सागरी कवच

प्राणी : उष्णकटिबंधीय हिंदी व प्रशांत महासागरांच्या उथळ, प्रवाळयुक्त जलात राहणारी शैवालभक्षी गोगलगाय, लिनियसने 1758 मध्ये तिचे वर्णन केले. आजचे शास्त्रीय नाव मोनेटारिया मोनेटा.

कवच : पिवळसर-पांढरे, बहुधा 2 ते 3 सेंटिमीटर लांबीचे. जिवंतपणी प्राण्याचे प्रावरण त्यावर पसरून चकाकीचे थर चढवीत असते. तळाशी दंतुर, अरुंद फट असते, झाकण नसते.

भेद : पाठीवर सोनेरी कडे असलेली कवडी ही निराळी जात, मोनेटारिया ॲन्युलस. शंखही गोगलगायीचाच, शिंपला मात्र दोन झडपांच्या प्राण्याचा.

चलन : मालदीव बेटांवरून कवड्यांचा पुरवठा विशेषतः बंगालकडे होत असे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) दिलेले कोष्टक :
- 20 कवड्या = 1 काकिणी
- 4 काकिणी = 1 पण
- 16 पण = 1 द्रम्म (1,280 कवड्या)
- 16 द्रम्म = 1 निष्क

ओडिशात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयांत सारावसुली सुरू केली. 1817 च्या पायक उठावाच्या कारणांत याची गणना होते.

वऱ्हाडात : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मोर्शीच्या परिसरात पोळ्याला बैलांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात. बंजारा भरतकामात कवड्या गुंफल्या जातात; तुळजाभवानी आणि माहूरची रेणुका यांचे गोंधळी कवड्यांची माळ धारण करतात. सारीपाटावर कवड्या फाशांच्या जागी टाकतात.