उमेदवाराची पारख

1910 साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकालगतच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभारला, तेव्हा माणसे निवडताना त्यांनी दाखल्यांहून अंगच्या गुणांकडे अधिक पाहिले. म्हणूनच शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ ठरले आणि दरोड्याची शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशांवर रखवालीची जोखीम सोपविली गेली. त्याच परिसरात, सांगलीच्या 1947 साली स्थापन होऊन पुढे उद्योगपती वालचंदांचे नाव धारण केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, तसेच कराडच्या 1960 सालच्या शासकीय महाविद्यालयात, संगणकशास्त्राचे पदवीधर आज कंपन्यांपुढे उभे राहतात, तेव्हा त्यांची पारख कशावर होते, हे पाहणे मला अगत्याचे वाटते. कारण या भागातील कितीतरी शेतकरी कुटुंबांची उमेद त्या मुलाखतीवर खिळलेली असते.

पहिली चाळणी गुणांची. दहावी, बारावी व पदवी या तिन्ही ठिकाणी 60 टक्के असावेत आणि कोणताही विषय राहिलेला नसावा, असा अनेक मोठ्या कंपन्यांचा शिरस्ता आहे. अर्जांच्या ढिगाचा निपटारा करण्याची ती सोय होय. तिला योग्यतेचे माप मानणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते.

खरी कसोटी समोरासमोर बसल्यावर लागते. दहा लाख ग्राहक-क्रमांकांच्या यादीत एखादा क्रमांक दुबार आला आहे काय, ते शोधावयास सांगितले जाते. प्रत्येक क्रमांक उरलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहणाऱ्याचे उत्तर चूक नसते. परंतु त्या रीतीने सुमारे 50 हजार कोटी तुलना कराव्या लागतील हे ज्याच्या आपण होऊन ध्यानात येते, आणि पाहिलेले क्रमांक हॅश टेबलात नोंदवीत गेल्यास यादीवरून एकच फेरी पुरते, मात्र मेमरी अधिक खर्ची पडते, असा जमाखर्च जो मांडतो, तोच बहुधा पुढच्या फेरीस जातो.

प्रोजेक्टच्या बाबतीतही हेच. बाजारातून तयार आणलेला एस. टी. आरक्षणाचा प्रोजेक्ट देखणा असला, तरी ‘एस. टी.ची शेवटची जागा दोघांनी एकाच क्षणी आरक्षित केली, तर तुमची प्रणाली काय करील?’ एवढ्या एका प्रश्नावर तो उघडा पडतो. उलट ज्याने तो स्वतः रात्री जागून लिहिला, त्यास ही अडचण बहुधा आधीच भेटलेली असते. आता तर यंत्रच कोड लिहून देऊ लागल्यापासून, दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यातील दोष दाखविण्याच्या कौशल्याचे मोल वाढले आहे.

येथे आमच्या मुलांची मोठी अडचण उभी राहते ती इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी युक्ती अचूक जाणतो, पण ती सांगताना अडखळतो, आणि मौनाचा अर्थ अज्ञान असा लावला जातो. कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण परमुलखातील ग्राहकाशी बोलणे हा त्या कामाचाच भाग आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत विद्यार्थी स्वतःच्या श्रमावर शिकले; भाषेची ही अडचणही तशीच श्रमाने दूर होण्याजोगी आहे. त्या परंपरेच्या या मुलखात प्रत्येक महाविद्यालयाने दर आठवड्यास विद्यार्थ्यास फळ्यापाशी उभे करून, त्याने स्वतः लिहिलेल्या कोडची प्रत्येक ओळ प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत समजावून सांगावयास लावावी, आणि हा परिपाठ शेवटच्या वर्षाची वाट न पाहता पहिल्याच सत्रापासून सुरू करावा.